गोमाशी आणि एक उपेक्षित साक्ष

पावसाळ्यांत गोठ्यापाशीं क्षणभर उभें राहून पाहावें. जनावरांच्या शेपटीचे फटकारे थांबत नाहींत. त्यांना छळणारी गोमाशी दिसावयास क्षुद्र खरी, परंतु रोगविज्ञानाच्या इतिहासांत तिचें स्थान मोठें आहे.

इ. स. १८८० मध्यें, आतां पाकिस्तानांत असलेल्या डेरा इस्माइलखान येथें, घोडे व उंट 'सर्रा' नांवाच्या तापानें झिजून मरत होते. ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्यानें त्यांचें रक्त सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें, तों त्यांत वळवळणारे जंतु दिसले. हेंच रोगाचें मूळ, असें त्यानें प्रतिपादिलें. पण तज्ज्ञांस तें पटेना. तसलेच जंतु कलकत्त्यास टिमथी लुइस यांस धडधाकट उंदरांच्या रक्तांत आढळले होते. मग ते घातक कसे? पुढें १८८५ मध्यें जॉन हेन्री स्टील यांनीं ब्रह्मदेशांतील खेचरांत तोच जंतु पाहून त्यास इव्हान्सचें नांव दिलें. हेच स्टील १८८६ मध्यें मुंबईस निघालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य होत.

जंतु सांपडला, पण तो एका घोड्यापासून दुसऱ्याकडे जातो कसा? याचें उत्तर गोमाशीच्या राहणीत आहे. नर फुलांतील रसावर जगतो. रक्त लागतें तें मादीला, अंडीं पोसण्यासाठीं. तीं अंडीं ती बहुधा पाण्याकांठच्या पानांवर घालते, आणि अळ्या चिखलांत वाढतात. म्हणून दलदल व पाऊस जेथें, तेथें तिचा सुकाळ. तिची सोंड सुईसारखी नसून सुरीसारखी कातडें चिरते. वेदनेनें जनावर अंग झाडतें, माशी अर्धपोटीं उडते, आणि तोंडाला ओलें रक्त असतांनाच शेजारच्या जनावरावर बसते. १९०१ मध्यें लिओनार्ड रॉजर्स यांनीं प्रयोगानें दाखविलें कीं, रोगी जनावरावरून माशी लागलीच निरोग्यावर बसली तर रोग जडतो. मध्यें बराच अवकाश गेला तर जडत नाहीं. जंतु तिच्या पोटांत वाढत नाहीं. ती केवळ वाहक. भुकेल्या माशीचें अर्धवट राहिलेलें जेवण हेंच रोगाचें वाहन!

यांत विशेष हें कीं, सरहद्दीवरचे लोक या रोगाचें खापर चावऱ्या माशांच्याच माथीं फोडीत, आणि इव्हान्सनें तें ऐकून घेतलें होतें. पंडितांनीं मात्र दोघांचीही साक्ष बराच काळ बाजूस सारली. १९३५ मध्यें शंभर वर्षांचा होऊन तो वारला, तेव्हां त्याचें म्हणणें सर्वमान्य झालेलें होतें. प्रत्येक संशोधकास एवढें आयुष्य लाभत नाहीं. अनुभवी अडाण्याचें बोलणें तपासून पाहण्यापूर्वींच आपण हंसून सोडून देतों. त्या हंसण्याची किंमत मुक्या जनावरांस मोजावी लागते.