अपकीर्ती कुणाची?

मंडळी, परवा जळकोटच्या बसथांब्यावर मी विठाबाई नारायणगावकरांचे चरित्र वाचीत बसलो होतो. योगीराज बागूल यांनी ते लिहिले आहे. शेजारचे एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, “सर, कॉलेजात शिकविता अन् तमाशाचं पुस्तक वाचायलाव?” त्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता, नुसता अचंबा होता. पण माझे मन तेथेच अडकले. या घराण्याला ही अपकीर्ती चिकटली कशामुळे?

डाग लागलेली नाट्यघराणी इतरत्रही आहेत. अमेरिकेतील बूथ घराणे घ्या. बाप नामवंत नट. मुलगा एडविन हॅम्लेटच्या भूमिकेत गाजलेला. पण त्याचा धाकटा भाऊ जॉन, तोही नटच, त्याने १४ एप्रिल १८६५ रोजी नाटकगृहातच राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्यावर गोळी झाडली. एडविनने रंगभूमी सोडली. तरी जानेवारी १८६६ मध्ये तो परतला, आणि प्रेक्षकांनी त्याचे स्वागतच केले.

तेथे निदान एकाच्या हातून गुन्हा घडला होता. नारायणगावकरांनी कोणाचे काय वाईट केले? आजोबांनी फड उभारला; वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो नावारूपाला आणला. १९३५ साली जन्मलेल्या विठाबाईंनी तो वारसा पुढे नेला. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचल्या, आत जाऊन बाळंत झाल्या आणि दगडाने नाळ तोडली, हा प्रसंग आजही सांगितला जातो. १९९० साली राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाला. पण अखेरचे दिवस ओढगस्तीतच गेले, आणि १५ जानेवारी २००२ रोजी त्या वारल्या. त्यांच्या नावाचा सरकारी पुरस्कार सुरू झाला तो २००६ साली!

म्हणजे बघा, बूथ घराण्याला डाग लागला तो घरातल्या माणसाच्या करणीने. इथे मात्र तो बाहेरून लावला गेला, जातीवरून आणि धंद्यावरून. रात्री शिट्ट्या मारणारे आपणच, अन् सकाळी नाक मुरडणारेही आपणच.

गुरुजी, माळेगावच्या यात्रेत तमाशाचे तंबू लागतात. तुमच्या वर्गात त्या तंबूतले एखादे पोर येऊन बसले, तर त्याला आधी त्याच्या आजीची थोरवी सांगा. नावे ठेवणारे त्याला पुढे पुष्कळ भेटतील.