पालघाटाच्या अल्याड-पल्याड

सह्याद्रीची रांग तापीपासून थेट कन्याकुमारीजवळ जाते. वाटेत तिला मोठे खिंडार एकच, निलगिरी आणि अण्णामलै यांच्यामधली पालघाट खिंड. ती जागोजागी 30 ते 40 किलोमीटर रुंद आहे. तिचा तळ समुद्रसपाटीपासून जेमतेम शे-दीडशे मीटरवर, तर एका बाजूचे दोड्डबेट्टा आणि दुसऱ्या बाजूचे आनमुडी ही दोन्ही शिखरे 2,600 मीटरहून उंच. माणसांना ही खिंड फार सोयीची ठरली. 1860 च्या दशकात मद्रासहून मलबारला जाणारा लोहमार्ग इथूनच काढला गेला. डोंगरमाथ्यावरच्या काही पक्ष्यांना मात्र लाखो वर्षांत ती ओलांडता आलेली नाही. पक्ष्यांच्या एका जातीच्या दोन जाती झाल्या की आपण ते सरसकट नैसर्गिक निवडीच्या खात्यावर जमा करतो. या डोंगरांचा पुरावा वेगळे सांगतो. इथे फाळणी केली ती भूगोलाने आणि बदलत्या हवामानाने. निवडीचे काम होते, पण ते निराळे होते.

हा पुरावा गोळा व्हायला पावणेदोनशे वर्षे लागली. दक्षिणेतल्या उंच डोंगरांच्या घळींमध्ये बुटक्या, दाट झाडांची थंड, ओलसर वने आहेत. त्यांना शोला म्हणतात. भोवती गवताळ माळ असतो. या वनांतल्या निलगिरीच्या लाफिंगथ्रशचे शास्त्रीय वर्णन जर्डनने 1839 मध्ये केले. खिंडीच्या दक्षिणेकडील पळणी डोंगरातला त्याचा भाऊबंद शास्त्रापर्यंत पोहोचला तो अहमदनगर भागात काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनच्या सॅम्युएल फेअरबँक यांच्यामुळे. 1869 मध्ये ब्लॅनफर्डने त्या पक्ष्याला फेअरबँक यांचेच नाव दिले. अशी वेगवेगळी नावे मिळूनही पुढे विसाव्या शतकात यांतले कित्येक पक्षी एकाच जातीच्या उपजाती म्हणून एकत्र बांधले गेले. रंगांतला फरक किरकोळ वाटत होता. शोलाकिली हा या वनांतलाच पक्षी. निलगिरीच्या शोलाकिलीच्या कुशी तांबूस, तर खिंडीपलीकडच्या शोलाकिलीच्या निळसर करड्या आणि पोट पांढरे. एवढ्यावर दोन जाती कशा मानायच्या, ही शंका त्या काळी रास्तच होती.

ती शंका फिटली रक्ताच्या थेंबातून. बारीक जाळ्यांत पक्षी धरायचे, थेंबभर रक्त घ्यायचे आणि त्यांना सोडून द्यायचे, अशा कामातून व्ही. व्ही. रॉबिन आणि सहकाऱ्यांनी नऊ ठिकाणच्या 23 जातींच्या 356 पक्ष्यांचे डीएनए तपासले. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 10 जातींमधली सर्वांत जुनी फूट नेमकी पालघाट खिंडीवर सापडली. त्यांतल्या काही जातींमध्ये अधिक अरुंद आणि उथळ खिंडींवर नंतरच्या फुटीही दिसल्या. म्हणजे खिंड जितकी रुंद आणि खोल, तितका दुरावा जुना. 2017 मध्ये याच गटाने शोलाकिली आणि हे लाफिंगथ्रश यांच्यासाठी दोन नव्या प्रजाती (जातींहून वरचे गट) स्थापल्या, आणि शेनकोट्टा खिंडीच्या दक्षिणेला असलेल्या अशांबू डोंगरांतली शोलाकिली नवी जात म्हणून नोंदवली.

यावर पहिला आक्षेप असा की 23 पैकी 13 जातींना खिंडीने काहीच केले नाही, मग तिला कारण कसे म्हणायचे? पण खिंड सर्वांना सारखी नसते. जो पक्षी सखल, उष्ण रानातही तग धरतो किंवा लांब उडतो, त्याला ती अडवत नाही. शोल्याच्या गारव्याबाहेर न पडणाऱ्याला तीच भिंत होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गॅलापागोसच्या डॅफ्ने मेजर बेटावर 1977 च्या दुष्काळात मोठ्या चोचीचे फिंच अधिक तगले आणि पुढच्या पिढीची सरासरी चोच वाढली, हे पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांनी मोजून दाखवले. निवड इतकी झपाट्याने काम करत असेल तर इथेच ती गौण कशी? उत्तर परिस्थितीत आहे. तिथे खायचे बी बदलले. इथे दोन्ही काठांवर तीच उंची, तोच ओलावा आणि पालापाचोळ्यातले तसेच किडे. अशा सारख्या परिस्थितीत वेगळेपण साचते ते बहुतांशी योगायोगाने, लहान समूहात पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या किंवा पुसल्या गेलेल्या जनुकांमुळे. हिमयुगांच्या चढउतारांत ही वने कधी खाली पसरली, कधी माथ्याकडे आक्रसली. बहुतेक फुटी याच काळातल्या आहेत. निवडीने या पक्ष्यांना थंड वनाशी बांधून ठेवले, बदलू दिले नाही. म्हणूनच उष्ण खिंड त्यांना अनुल्लंघ्य झाली.

मग चहाच्या मळ्यांनी आणि निलगिरी (युकॅलिप्टस), वॅटल, पाइनच्या लागवडींनी आज पाडलेल्या खिंडारांतूनही उद्या नव्या जाती घडतील, असे कोणी म्हणेल. ते खरे नाही. जात घडायला सहसा लाखो वर्षे लागतात. तुटलेला लहान समूह त्याआधी जनुकीय विविधता गमावून संपण्याचीच शक्यता अधिक. अलीकडच्या जंगलतोडीच्या खुणा शोल्यातल्या पक्ष्यांच्या जनुकांत आताच दिसू लागल्या आहेत, आणि पळणी डोंगरांतला दोनतृतीयांश गवताळ माळ अवघ्या चार दशकांत लागवडींखाली आणि शेतीखाली गेला. निलगिरीतली शोलाकिली वाचवली म्हणून अशांबूची वाचत नाही. एकीची जागा दुसरी घेऊ शकत नाही. म्हणून संरक्षणाचा हिशेब डोंगरागणिक वेगळा मांडला पाहिजे, आणि शोला व माळ जिथे उरले आहेत तिथे नवी लागवड पूर्णपणे थांबली पाहिजे.