नोहाचं तारू आणि बिशपचं गणित

गेल्या उन्हाळ्यात ताईचा फोन आला. बाळाचा बाप्तिस्मा ठरलाय, धर्मपिता तू. आमच्या वसईकडच्या कॅथलिक घरांत हा मान समजतात, नाही म्हणायची पद्धत नाही. अडचण एवढीच, की त्या दिवशी धर्मपित्याला सगळ्यांसमोर श्रद्धेची कबुली द्यावी लागते. फादर विचारतात, विश्वास आहे का? आपण म्हणायचं, आहे. माझा तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापासून नाही. घरी मात्र कुणाला सांगितलं नव्हतं. सुट्टीत घरी आलो की मुकाट्याने मिस्सेला जात होतो.

त्याच सुमारास जॉन विल्यम कोलेन्सो या बिशपबद्दल वाचत होतो. जन्म १८१४, इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा. १८३६ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत तो दुसरा आला. पुढे त्याची अंकगणित आणि बीजगणिताची पाठ्यपुस्तकं गाजली. १८५३ साली तो दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीचा बिशप झाला. तिथे तो झुलू भाषा शिकला, तिचा शब्दकोश केला आणि बायबलचं भाषांतर हाती घेतलं.

या कामात विल्यम एन्गिडी नावाचा झुलू माणूस त्याच्या मदतीला होता. नोहाच्या जलप्रलयाची कथा भाषांतरित करताना एन्गिडीने विचारलं, हे खरंच असं घडलं का? थंड आणि उष्ण मुलखातले सगळे प्राणी जोडीजोडीने त्या तारवात आले? आणि शिकारी पशुपक्ष्यांचं खाणंसुद्धा नोहाने गोळा केलं? कोलेन्सोने भूगर्भशास्त्र वाचलेलं होतं. फ्रान्समधल्या ओव्हेर्नच्या ज्वालामुखी टेकड्यांवर भुसभुशीत राख आणि दगड आजही आहेत, जगबुडी झाली असती तर ते वाहून गेले असते, हे त्याला ठाऊक होतं. समोरच्या माणसाशी देवाच्या नावाने खोटं बोलायला तो तयार नव्हता.

मग गणितज्ञ करील तेच त्याने केलं. बायबलमधले आकडे घेतले आणि हिशेब मांडला. १८६२ साली त्याच्या चिकित्सक ग्रंथाचा पहिला भाग आला. मीही लॅपटॉपवर ते हिशेब करून पाहिले. गणना या पुस्तकात वीस वर्षांवरच्या लढवय्या पुरुषांची संख्या ६,०३,५५० दिली आहे. लेवीयमध्ये सारी मंडळी दर्शनमंडपाच्या दारापाशी जमते. मंडपाची रुंदी साधारण १८ फूट, म्हणजे एका ओळीत नऊ माणसं. दोन ओळींत दीड फूट अंतर धरलं, तर रांग सुमारे १९ मैल लांब जाते. त्याच गणनेत पहिल्या जन्मलेल्या मुलग्यांचा आकडा २२,२७३ आहे. फक्त लढवय्ये मोजले तरी प्रत्येक पहिल्या मुलामागे २७ पुरुष येतात. मग घरोघरी मुलगे तरी किती असायला हवेत?

इंग्लंडमध्ये गदारोळ झाला. झुलूंचं धर्मांतर करायला गेलेल्या बिशपचंच झुलूने धर्मांतर केलं, अशी टिंगल झाली. केप टाउनच्या बिशप ग्रे यांनी १८६३ साली त्याला पदच्युत ठरवलं. १८६५ साली प्रिव्ही कौन्सिलने तो निर्णय रद्द केला. १८६६ साली ग्रे यांनी त्याला बहिष्कृत केलं. कोलेन्सो मात्र चर्च सोडून गेला नाही. १८७९च्या झुलू युद्धाला त्याने उघड विरोध केला, आणि १८८३ साली बिशप म्हणूनच तो वारला.

त्याच जलप्रलयाच्या कथेपाशी आणखी एक माणूस अडला, तो म्हणजे लेस्ली स्टीफन, व्हर्जिनिया वूल्फचे वडील. ते केंब्रिजला शिक्षक होते आणि धर्मदीक्षा घेतलेले होते. जी कथा आपल्याला कल्पित वाटते ती पवित्र सत्य म्हणून लोकांपुढे वाचायची, हे त्यांना पटेना. १८६२ साली, म्हणजे कोलेन्सोचं पुस्तक आलं त्याच वर्षी, त्यांनी ते काम सोडलं. दीक्षा कायदेशीरपणे सोडायची सोय १८७०च्या कायद्याने झाली. २३ मार्च १८७५ला स्टीफन यांनी त्या कागदावर सही केली. साक्षीदार होता कादंबरीकार थॉमस हार्डी.

कोलेन्सोचे हिशेब करताना मला मजा आली, पण त्यांनी माझा प्रश्न सुटत नव्हता. रांग १९ मैलांची झाली म्हणून देव नाही असं सिद्ध होत नाही. प्रोग्रॅममध्ये एक चूक सापडली, तर 'यात एकही चूक नाही' हा दावा तेवढा पडतो. शिवाय बायबलमध्ये वेगवेगळे साहित्यप्रकार आहेत हे कॅथलिक चर्चनेही १९४३ साली पोपच्या पत्रातून मान्य केलं. तेव्हा नोहाला पुढे करून मला सुटता येणार नव्हतं. माझी अडचण स्टीफनची होती. मनात नसलेलं मोठ्याने म्हणायचं की नाही?

मी ताईला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आईला मी सांगणार नाही. तुझं तू सांग." सांगितलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

धर्मपिता मावसभाऊ झाला. मी तिसऱ्या बाकावर होतो. फादरांनी विचारलं, सगळ्यांनी उत्तर दिलं, मी गप्प राहिलो. पुढच्या बाकावरून आईने एकदा वळून पाहिलं. मिस्सा संपल्यावर तिने बाळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "नीट धर."