खिशातली पुस्तिका आणि त्रिरश्मीचा डोंगर

आज आम्ही बरोबर एक लहानसे पुस्तक आणले आहे. मागच्या रांगेतल्यांना ते दिसणार नाही, कारण ते खिशात मावेल एवढेच आहे. पक्षीनिरीक्षण करणारे लोक पक्षी ओळखायला जशी पुस्तिका जवळ ठेवतात ना, तशीच ही आहे. फरक एवढाच की यात पक्षी नाहीत, यात डिस्नेलँड आहे. डिस्नेची उद्याने ज्यांनी रचली, त्या लोकांनीच २००५ पासून ही मालिका काढली आणि त्यातला डिस्नेलँडवरचा भाग २००८ मध्ये आला. कोणत्या झोपाळ्यावर बसावे, वडापाव कुठे मिळतो (तिथे मिळत नाही), असले यात काही नाही. तुम्ही ज्याच्या समोरून दहा वेळा गेलात आणि तरी जे पाहिले नाहीत, ते यात आहे.

उदाहरण द्यायचे तर तिथला तो प्रसिद्ध किल्ला. त्याची उंची ७७ फूट, म्हणजे आपल्या सात मजली इमारतीएवढी. पण फोटोत तो केवढा तरी उंच वाटतो. कारण खालचे दगड मोठे आहेत आणि वर जाल तसे ते लहान होत गेले आहेत. डोळा फसतो. रस्त्यावरच्या दुकानांचे वरचे मजलेही खालच्यापेक्षा ठेंगणे आहेत. आणि त्याच रस्त्यावरच्या वरच्या खिडक्यांवर नावे रंगवलेली आहेत. अमुक आणि मंडळी, तमुकांचे कार्यालय वगैरे. लोकांना वाटते दुकानाच्या पाट्या आहेत. ती उद्यान बांधणाऱ्यांची नावे आहेत. सिनेमाच्या शेवटी नावे येतात, तशी.

सिनेमाचा उल्लेख सहज केलेला नाही. १७ जुलै १९५५ ला हे उद्यान उघडले, तेव्हा ते रचणाऱ्यांत हॉलिवूडच्या स्टुडिओंतले नेपथ्यकार होते. लाकडाला दगड भासवायचा, जवळच्याला दूर भासवायचे, ही त्यांची रोजची कामे. पडद्यामागची ही विद्या त्यांनी जमिनीवर उतरवली.

आता तुम्ही म्हणाल, कॅलिफोर्नियाचे हे पुराण नाशिकमध्ये कशाला? तर सांगतो. मुंबई-आग्रा महामार्गाने पाथर्डी फाट्याजवळ या. डोंगराच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. कारंजी, हिरवळ, रविवारी मुलांना घेऊन आलेली कुटुंबे. आणि स्मारक कुणाचे? ज्यांनी ही भासवण्याची विद्या भारतात पडद्यावर आणली, त्यांचे. दादासाहेब फाळके ३० एप्रिल १८७० ला आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मले. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला आणि त्याच वर्षी त्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. कारखाना हाच तेव्हाचा शब्द. 'लंकादहन' १९१७ चा, 'कालिया मर्दन' १९१९ चा. 'लंकादहना'त राम आणि सीता दोघेही अण्णा साळुंके. 'कालिया मर्दना'तला कृष्ण म्हणजे फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी.

फाळके जादूचे प्रयोगही करत, हे पुष्कळांना ठाऊक आहे. नाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' असे ते म्हणवून घेत. जादूगाराचा पहिला नियम काय? युक्ती सांगायची नाही. फाळक्यांनी नेमके उलट केले. स्वतः दिग्दर्शन करताना, फिल्म तपासताना दिसतात असा एक छोटा चित्रपट त्यांनी काढला. चित्रपट कसा तयार होतो, हे त्यात प्रेक्षकालाच दाखवले. तो आजही पाहायला मिळतो. शिवाय १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात भारतीय चित्रपटावर मराठीत लेख लिहिले आणि आपण या धंद्यात कसे पडलो, ते सांगितले. त्यांच्या इतक्या चित्रपटांपैकी आज हाती फार थोडी रिळे उरली आहेत. तरी फाळक्यांविषयी आपण आज इतके बोलू शकतो, कारण त्यांनी स्वतः सांगून ठेवले. ही त्यांची खिशातली पुस्तिकाच म्हणा.

आणखी एक गोष्ट, बरेचदा निसटणारी. १९०३ च्या सुमारास फाळके पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरीला होते. त्यांचे स्मारक लेण्यांच्या पायथ्याशी आले, यामागे कुणी एवढा विचार केला असेल असे आम्हाला वाटत नाही. पण जागा शोभते खरी.

तर आता स्मारकाकडे पाठ करा आणि पायऱ्या चढायला लागा.

वर चोवीस लेणी आहेत. आपण त्यांना पांडवलेणी म्हणतो. पांडवांचा तिथे काहीही संबंध नाही. मग नाव का पडले? कारण वरची पुस्तिका हरवली. हरवली म्हणजे भिंतीवर होती, पण वाचता येईना. ब्राह्मी लिपी विसरली गेली आणि मग एवढे मोठे काम कुणी केले असेल, या प्रश्नाला सोपे उत्तर उरले, पांडवांनी! लोकांना हसू नका. माहिती नसली की माणूस गोष्ट रचतो आणि ती गोष्ट वाईट नव्हती. पण तिच्यामुळे खरी माणसे झाकली गेली. जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये ब्राह्मी उलगडली, त्यानंतर हे लेख हळूहळू बोलू लागले. रा. गो. भांडारकरांनी १८७४ च्या लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेसाठी त्यांचे भाषांतर केले. १८८३ च्या नाशिक गॅझेटिअरमध्ये लेण्यांचा भाग पंडित भगवानलाल इंद्रजींनी लिहिला. तो आजही वाचण्यासारखा आहे. फक्त तो ग्रंथ खिशात मावत नाही, ही अडचण.

काही वर्षांपूर्वी आम्ही शाळेच्या मुलांना घेऊन वर गेलो होतो. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यापुढे, ज्याला देवी लेणे म्हणतात तिथे, आम्ही सातवाहनांच्या वंशावळीवर बोलत होतो. एका मुलाने मध्येच विचारले, "सर, यांचे पाय कुठे गेले?" ओसरीच्या खाली सहा आडदांड माणसे कोरलेली आहेत. कमरेच्या वरचा भाग तेवढा दिसतो, आणि खांद्यावर त्यांनी जाडजूड तुळया घेतल्या आहेत. आम्ही ती कितीतरी वेळा पाहिली होती, पण हा प्रश्न कधी पडला नव्हता. त्या वेळी आम्ही काहीतरी उत्तर देऊन टाकले.

खरे उत्तर दोन पावलांवर, ओसरीच्या भिंतीवरच होते. तिथे गौतमी बलश्रीचा लेख आहे. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याच्या १९ व्या वर्षी, मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी गेल्यानंतर, या आजीने लेणे दान दिले. मुलाचे वर्णन प्रसिद्ध आहे, क्षहरातांचा उच्छेद केला, घोडे तीन समुद्रांचे पाणी प्यायले वगैरे. इतिहासाचे विद्यार्थी तिथेच थांबतात. पण पुढे लेण्याचे वर्णन आहे. त्रिरश्मीचे शिखर कैलासासारखे आणि हे लेणे उत्तम विमानासारखे, असे ती म्हणते. आता पुन्हा खाली पाहा. ते सहा जण काय करताहेत? पालखीचे भोई असावेत तसे अख्खे लेणे खांद्यावर घेऊन वर उठताहेत. विमान उचलले जाते आहे! पाय दिसत नाहीत, कारण ते अजून जमिनीतून वर येताहेत. हा आमचा अर्थ आहे, इतरांनी वेगळा लावावा. पण लेख आणि शिल्प शेजारी ठेवले की दोन्ही एकच गोष्ट सांगतात, असे आम्हाला दिसते.

तिथेच आत जायचे दार पाहा. सांचीच्या तोरणासारखे आहे, म्हणजे मुळात लाकडाचे. कठडेही लाकडी कुंपणाची नक्कल. दगडाला यातल्या कशाचीच गरज नव्हती. सह्याद्रीतल्या लेण्यांत हे सगळीकडे आहे. भाज्याच्या चैत्यातले खांब आत झुकलेले आहेत. लाकडी छताचा भार पेलायला सुतार खांब तसे तिरके लावत, पण डोंगर कोरून केलेल्या खांबावर तसला भार येतच नाही. झुकवले, कारण घर असेच दिसते हे डोळ्याला सवयीचे होते. हॉलिवूडवाल्यांनी लाकडातून दगड भासवला, आपल्याकडे दगडातून लाकूड. कार्ल्याच्या चैत्याचे दार करणाऱ्याने तर नाव कोरून ठेवले आहे. धेनुकाकटाचा सामी, वेणुवासाचा मुलगा. आणि धंदा? वढकी, म्हणजे सुतार. दगडाचे दार सुताराच्या नावावर आहे!

आता दहाव्या लेण्याकडे. हे नहपानाच्या जावयाचे, उषवदाताचे. खांब तिसऱ्यासारखेच वाटतील, पण आधीचे हे आहेत आणि आमच्या मते अधिक नेटके. तिसऱ्यावाल्यांनी ते पाहून केले. ज्या घराण्याला उखडले, त्याच्या ओसरीची नक्कल केली, हेही गमतीचेच. नाशिकजवळच्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांवर नाणी. त्यातल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा मारला होता. जुने पुसायचे नाही, वर आपले छापायचे. या दहाव्या लेण्याच्या मागच्या भिंतीवरही एक स्तूप होता. पुढे कुणीतरी तो कोरून भैरव केला. लक्ष देऊन पाहिले तर आधीचा आकार हाताला लागतो.

पण या लेण्यातली आमची आवडती गोष्ट शिल्प नाहीच, हिशेब आहे. उषवदाताने ३००० कार्षापण ठेव म्हणून ठेवले, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे. गोवर्धन म्हणजे आपले गंगापूर रस्त्याकडचे गोवर्धन. २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० दुसरीकडे पाऊण टक्क्याने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज खायचे. आणि व्याजातून लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. आता तोंडी हिशेब करा. दोन हजारांचे महिन्याला वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. पै न पै जुळते. हे दान निगमसभेत ऐकवले आणि नोंदवले, असेही लेख सांगतो. म्हणजे फिक्स्ड डिपॉझिटची पावती भिंतीवर आहे, आणि बँक कोण, तर विणकर.

तिसऱ्या लेण्यातलाच आणखी एक लेख असाच सरकारी आहे. गौतमीपुत्राने भिक्षूंना शेत दिले होते. सहा वर्षांनी दुसरा हुकूम निघाला. ते शेत पिकत नाही, गावात वस्ती नाही, म्हणून बदली जमीन द्या. लाल फितीचे काम तेव्हाही चाले म्हणायचे.

राजेरजवाडे सोडा, आठव्या लेण्यात दाता मुगुदास आहे, कोळी, सहकुटुंब. अठराव्या लेण्यात, म्हणजे चैत्यगृहात, दारावरच्या कमानीत एक छोटा लेख आहे. नाशिककरांच्या धंभिक गावाचे दान, एवढाच. कुठल्या राजाने नाही, एका गावाने वर्गणी काढून दार दिले. आणि 'नासिक' हे आपल्या गावाचे नाव तिथे दारावर कोरलेले आहे. किती जणांनी मान वर करून पाहिले आहे? हात वर करा. बघा.

डिस्नेलँडच्या खिडक्यांवरची नावे वाचायला लोक पुस्तिका विकत घेतात. आपल्या दारावर नाव आहे आणि आपण त्याखालून पांडवांना शोधत आत जातो.

म्हणून आम्ही काही मित्र एक पुस्तिका करायला घेतो आहोत. सोळा पाने, खिशात मावेल अशी. वंशावळ शेवटच्या पानावर, लहान अक्षरात. पहिल्या पानावर तोच प्रश्न, यांचे पाय कुठे गेले? ज्यांना तपासायला यायचे असेल त्यांनी येत्या रविवारी सकाळी सातला स्मारकाच्या फाटकाशी भेटा. टॉर्च आणा, पाणी आणा. आणि चढताना घाई करू नका, पहिली थांबण्याची जागा तिसऱ्या लेण्याच्या बाहेर आहे, आत नाही.