गावरानीची ओळख : डोळा, सूक्ष्मदर्शक आणि डीएनए

मागच्या व्याख्यानात आपण मराठवाड्यातल्या पिकांचा बाजार पाहिला. आज त्यातलं एकच पीक घेऊ, कापूस. आणि प्रश्नही एकच घेऊ : समोरचं कापसाचं झाड नेमकं कोणतं, हे ठरवायचं कसं आणि ठरवायचं कुणी? प्रश्न वनस्पतिशास्त्राचा वाटतो खरा. पण नांदेड-लातूरकडे तो कायम पैशाचा प्रश्न राहिला आहे.

नांदेडचा 'गावरानी' कापूस निजामाच्या काळात मुंबईच्या बाजारापर्यंत नावाजलेला होता. देशी असूनही धागा तलम. विदर्भातल्या हिंगणघाटच्या 'बनी'चा हा सख्खा भाऊबंद. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद रेल्वे नांदेडवरून सुरू झाली आणि १९११ मध्ये बार्शी लाईट रेल्वे लातूरला पोचली. मग इथला माल गाठोड्यांनी बाहेर जाऊ लागला. माल दूर गेला की काय होतं? विकणारा आणि घेणारा एकमेकांचं तोंड बघत नाहीत. व्यवहार चालतो तो नुसत्या नावावर. आणि नावावर भाव मिळतो म्हटलं की भेसळ आलीच.

त्या काळात शेजारच्या भागात 'रोझियम' नावाचा पांढऱ्या फुलाचा देशी कापूस पसरत होता. धागा आखूड आणि जाडाभरडा, पण सरकी काढल्यावर रुई भरपूर. शंभर किलो कापसातून बनीची रुई तिशीच्या आतबाहेर, रोझियमची मात्र चाळिशीकडे. शेतकऱ्यानं तो का लावू नये? आणि जिनिंगमध्ये दोन्ही एकत्र झाले की तलम कापसाचं नाव बुडणारच. हे थांबवायला १९२३ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात कापूस वाहतुकीचा कायदा झाला. हलका कापूस चांगल्या कापसाच्या मुलखात न्यायला बंदी. कायदा झाला, पण ओळखणार कसं? फुलाचा रंग शेतात दिसतो, गाठोड्यात दिसत नाही.

शास्त्रज्ञांचीही स्थिती फार वेगळी नव्हती. १८६६ मध्ये इटलीच्या पार्लातोरे यांनी कापसाच्या सात प्रजाती मानल्या. दहा-अकरा वर्षांनी तोदारो यांनी पन्नासच्या वर मोजल्या! झाडं तीच, बघणारे वेगळे. आपल्याकडचा बनी आणि रोझियम यांनाही तेव्हा दोन वेगळ्या प्रजातींची लॅटिन नावं होती. आज दोन्ही एकाच प्रजातीत, 'गॉसिपियम आर्बोरियम'मध्ये मोडतात. म्हणजे शेतकरी ज्यांना दोन वाण म्हणत होता ते दोन वाणच होते. शास्त्राला तिथपर्यंत यायला वेळ लागला.

ही गुंतागुंत सुटायला सुरुवात झाली १९२० च्या दशकात, सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं मोजायला लागल्यावर. आशिया-आफ्रिकेच्या, म्हणजे आपल्या देशी कापसात २६ गुणसूत्रं, अमेरिकन कापसात ५२. हिशोब इतका सरळ निघाला की पानांच्या आकारावरचे बरेच वाद मिटले. देशी आणि अमेरिकन यांचा संकर केला तर झाडात ३९ गुणसूत्रं येतात. त्यांची जोडी जमत नाही आणि झाड वांझ निघतं. शेजारी-शेजारी लावूनही हे दोन कापूस एकमेकांत का मिसळत नाहीत, याचं हे उत्तर.

पण बघा, ५२ म्हणजे २६ ची दुप्पट. हा योगायोग आहे का? १९३४ मध्ये स्कोवस्टेड यांनी दाखवलं की अमेरिकन कापसात गुणसूत्रांच्या तेरा जोड्या मोठ्या आहेत, देशी कापसासारख्या. उरलेल्या तेरा लहान आहेत, अमेरिकेतल्या रानकापसासारख्या. १९४० मध्ये टेक्सासच्या बीसली यांनी आपला आर्बोरियम आणि अमेरिकेतला एक रानकापूस यांचा संकर केला, कॉल्चिसिन वापरून गुणसूत्रं दुप्पट केली आणि ते झाड अमेरिकन कापसाशी जुळतं हे सिद्ध केलं. म्हणजे ज्याला आपण 'अमेरिकन' म्हणतो, त्याच्या अर्ध्या अंगात देशी कापसाच्या घराण्याचं रक्त आहे. ही सोयरीक दहा लाख वर्षांहून जुनी, माणसानं शेती करायच्या कितीतरी आधीची.

आता अवघड भाग. देशी कापसातही दोन प्रजाती आहेत. एक आपला आर्बोरियम. दुसरा 'हर्बेशियम' : भडोच, वागड, धारवाडकडचा कुमठा हे त्यातले. दोघांतही २६ गुणसूत्रं, मग मोजून उपयोग काय? डोळ्यानं ओळखायची खूण आहे. कळीला झाकणारी तीन हिरवी पानं आर्बोरियममध्ये बोंडाला चिकटून असतात, हर्बेशियममध्ये रुंद, दातेरी आणि बाहेर पसरलेली. पण खरी परीक्षा संकरात. पहिली पिढी तरारून येते आणि दुसऱ्या पिढीत खुरटी, रोगट झाडं निघू लागतात. १९३० च्या दशकात इंदूरच्या संस्थेत काम केलेले जोसेफ हचिन्सन आणि त्यांचे सहकारी अशाच प्रयोगांतून कापसाचं घराणं लावत गेले. १९४७ मध्ये त्यांचा ग्रंथ आला आणि प्रजातींची संख्या आटोक्यात आली.

शेवटचा टप्पा डीएनएचा. आर्बोरियमचा पूर्ण जनुकसंच २०१४ मध्ये वाचला गेला, हर्बेशियमचा २०२० मध्ये. तेव्हा कळलं की या दोघांतला कुणीही दुसऱ्याचा बाप नाही. दोघं एका लुप्त पूर्वजापासून वेगळे झालेले भाऊ आहेत. अमेरिकन कापसात गेलेला वाटाही त्या पूर्वजाचा, या दोघांच्या वाटण्या व्हायच्या आधीचा.

तुम्ही म्हणाल, याचं नांदेडला काय? सांगतो. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रानं 'एनएचएच ४४' हा अमेरिकन कापसाचा संकरित वाण दिला. तो राज्यात आणि राज्याबाहेरही खूप चालला. २००९ मध्ये सरकारी संस्थांनी त्याचं बीटी रूप आणलं. खासगी बियाण्यापेक्षा स्वस्त पर्याय म्हणून त्याकडे मोठ्या आशेनं पाहिलं गेलं. पण एका हंगामातच ते मागे घ्यावं लागलं. डीएनए तपासणीत त्यात खासगी कंपनीच्या जनुकाची सरमिसळ आढळली आणि २०१२ मध्ये सोपोरी समितीच्या अहवालात हे नोंदलं गेलं. दोन्हींत अळीला मारणारं जनुक एकाच जातीचं होतं. फरक होता तो गुणसूत्रावर ते कुठे जाऊन बसलंय याचा. शेतात उभं राहून हा फरक कुणालाच दिसला नसता. १९२३ चा भेसळीचा प्रश्न तोच, फक्त गाठोड्यातून बियाण्यात उतरलेला.

आणि इथे खरी मेख आहे. गावरानीच्या काळात शेतकरी फुलाचा रंग बघून, धागा चिमटीत ओढून वाण सांगायचा. सरकीही घरचीच असायची. आता बियाणं पाकिटातून येतं. मृगात पेरलेलं पाकीट खोटं होतं हे कळतं पात्या-फुलं लागल्यावर, तेव्हा हंगाम हातचा गेलेला असतो. बियाण्याची शुद्धता शेतात वाढवून तपासायची जुनी रीतही एक हंगाम खाते. तीच तपासणी डीएनएच्या खुणांवरून काही दिवसांत, पेरणीच्या आधी होऊ शकते. तंत्र तयार आहे. ते पाकिटाच्या कोणत्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या हाती आहे, हा खरा प्रश्न.

जाता जाता एक गोष्ट. परभणीच्या विद्यापीठानं आर्बोरियमचे असे वाण काढलेत, ज्यांचा धागा २८ मिलिमीटरच्या आसपास किंवा पुढे जातो. आखूड धाग्याचा म्हणून हिणवलेला देशी कापूस आता अमेरिकनच्या तोडीला येतोय. आणि देशी वाणाची सरकी शेतकरी घरी राखू शकतो, दरवर्षी पाकीट विकत घ्यावं लागत नाही. प्रयोगशाळेनं त्याचं घराणं शोधून दिलं. ते घराणं टिकतं मात्र कुणीतरी बी राखून पुन्हा पेरलं तरच. बनी आणि गावरानी शेतातून जवळजवळ गेले, ते काही कुणाला ओळखता येत नव्हते म्हणून नव्हे. ओळखणाऱ्याला त्या ओळखीचा भाव मिळाला नाही, म्हणून गेले.

प्रश्न असतील तर आता घेऊया.