मल्टीबूट यूएसबी ड्राइव्ह

ज्या एकाच पेनड्राइव्हवरून अथवा यूएसबीने जोडलेल्या हार्ड डिस्कवरून एकापेक्षा अधिक ऑपरेटिंग सिस्टिम (संचालन प्रणाली) सुरू करता येतात किंवा संगणकात स्थापित करता येतात, त्यास मल्टीबूट यूएसबी ड्राइव्ह असे म्हणतात. संगणक त्यावरून सुरू केल्यास पडद्यावर उपलब्ध प्रणालींची यादी दिसते व तीतून हवी ती निवडता येते. निरनिराळ्या काळातील संगणक असलेल्या शाळा, ग्रंथालये व दुरुस्तीची दुकाने येथे या साधनाचा विशेष उपयोग होतो.

== पार्श्वभूमी ==

यूएसबी मानकाची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. हे मानक घडवण्यात इंटेल कंपनीतील अजय भट्ट यांचा मोठा वाटा होता. ते वडोदरा येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर आहेत. इ.स. २००० मध्ये बाजारात आलेल्या आरंभीच्या पेनड्राइव्हची क्षमता ८ मेगाबाइट इतकीच होती. त्यामुळे संचालन प्रणाली स्थापित करण्यासाठी पुढेही अनेक वर्षे सीडी व डीव्हीडी वापरल्या जात.

डिस्कमधील सर्व मजकूर जसाच्या तसा एका फाइलमध्ये साठवला की तिला आयएसओ फाइल म्हणतात. रुफससारखी साधने साधारणतः अशी एकच फाइल पेनड्राइव्हवर उतरवतात आणि त्यासाठी संपूर्ण पेनड्राइव्ह व्यापतात. दुसरी प्रणाली हवी असल्यास तो पुन्हा पुसावा लागतो. ही अडचण दूर करण्यासाठी युमी, ईझीटूबूट यांसारखी साधने निर्माण झाली. २०२० मध्ये आलेले व्हेंटॉय हे मुक्तस्रोत साधन आज या कामी विशेष प्रचलित आहे.

== रचना ==

व्हेंटॉय पेनड्राइव्हचे दोन भाग (पार्टिशन) करते. पहिल्या, मोठ्या भागात आयएसओ फाइली ठेवल्या जातात. दुसरा भाग अवघा ३२ मेगाबाइटचा असून त्यात संगणक सुरू करणारा कार्यक्रम, म्हणजे बूटलोडर, असतो. तो ग्रब या प्रसिद्ध बूटलोडरवर आधारलेला आहे.

या विभागणीमागे तांत्रिक कारण आहे. यूईएफआय पद्धतीचे संगणक फॅट स्वरूपातील भाग हमखास वाचू शकतात, परंतु फॅट३२ मध्ये ४ गिगाबाइट वा त्याहून मोठी फाइल मावत नाही. विंडोज ११ ची आयएसओ फाइल त्याहून मोठी असते. म्हणून मोठ्या भागासाठी ही मर्यादा नसलेले एक्सफॅट स्वरूप, तर छोट्या भागासाठी फॅट स्वरूप वापरले जाते.

== तयार करण्याची पद्धत ==

# ६४ गिगाबाइट क्षमतेच्या पेनड्राइव्हवर साधारणतः आठ-दहा प्रणाली मावतात. यूएसबी ३.० प्रकारचा पेनड्राइव्ह घेतल्यास वेळ वाचतो.
# पेनड्राइव्हवरील सर्व फाइली अन्यत्र साठवाव्या लागतात, कारण व्हेंटॉय स्थापित होताना त्यावरील सारे काही पुसले जाते.
# व्हेंटॉय सुरू करून यादीतून योग्य पेनड्राइव्ह निवडावा लागतो. नाव व क्षमता ताडून न पाहिल्यास दुसरीच डिस्क पुसली जाण्याचा धोका असतो.
# त्यानंतर आयएसओ फाइली मोठ्या भागात नेहमीप्रमाणे कॉपी केल्या की पुरते. नवी प्रणाली हवी असल्यास तिची फाइल ठेवावी आणि जुनी नको असल्यास काढून टाकावी. दर वेळी पेनड्राइव्ह नव्याने तयार करावा लागत नाही.
# प्रत्येक फाइलची एसएचए-२५६ ही ६४ अंकाक्षरांची खूण निर्मात्याने प्रसिद्ध केलेल्या खुणेशी जुळवून पाहतात. ती न जुळल्यास फाइल अपुरी उतरली आहे किंवा बदलली गेली आहे असे समजावे.
# संगणक सुरू होताच एफ१२, एफ९ किंवा एस्केप यांपैकी त्या कंपनीने ठरवलेली कळ दाबून पेनड्राइव्ह निवडला जातो.

== शाळांतील उपयोग ==

विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था व किमान ४ गिगाबाइट मेमरी आवश्यक असल्याने अनेक चालू स्थितीतील संगणक अपात्र ठरतात. अशा संगणकांवर लिनक्सवर आधारित प्रणाली बसवणे हा विनामूल्य व कायदेशीर पर्याय आहे. केरळमधील शासकीय शाळांत अशा मुक्त प्रणालीचा वापर दीर्घकाळ होत आहे. प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) २००७ पासून बॉस लिनक्स ही भारतीय भाषांना अनुकूल प्रणाली उपलब्ध करून दिली असून तिची एज्युबॉस ही शैक्षणिक आवृत्तीही आहे.

मात्र सर्व संगणकांना एकच प्रणाली चालत नाही. उदाहरणार्थ, डेबियन १२ ची ३२-बिट संगणकांवर स्थापना करता येते, परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ती सोय नाही. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा असलेला अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा सह्याद्रीतील अकोल्यापासून आग्नेयेकडील जामखेडपर्यंत १४ तालुक्यांत पसरलेला आहे. अशा विस्तृत प्रदेशात इंटरनेट मंद असलेल्या गावी प्रत्येक संगणकासाठी काही गिगाबाइटची फाइल उतरवणे जिकिरीचे ठरते. तालुक्याच्या ठिकाणी एकदा तयार केलेला मल्टीबूट पेनड्राइव्ह तेथे नेऊन जुन्या-नव्या दोन्ही संगणकांचे काम करता येते.

अनेक लिनक्स प्रणाली स्थापित न करता ‘लाइव्ह’ रूपात चालवून पाहता येतात. ध्वनी, छपाईयंत्र, देवनागरी अक्षरे व मराठी इनस्क्रिप्ट कळफलक नीट चालतात की नाही, हे हार्ड डिस्कला हात न लावता तपासता येते. संगणक बंद केल्यावर अशा सत्रातील बदल सामान्यतः टिकत नाहीत.

== मर्यादा व दक्षता ==

* पेनड्राइव्ह तयार करताना त्यावरील माहिती जाते, तर प्रणाली स्थापित करताना संगणकाच्या हार्ड डिस्कवरील माहिती जाऊ शकते. निकालपत्रके, हजेरीपट व छायाचित्रे यांची प्रत स्थापनेपूर्वी स्वतंत्र डिस्कवर ठेवणे अत्यावश्यक असते. ती प्रत मल्टीबूट पेनड्राइव्हवरच ठेवणे सुरक्षित नाही.
* सिक्युअर बूट चालू असलेल्या संगणकावर व्हेंटॉयची कळ पहिल्या वेळी नोंदवावी लागते. बिटलॉकरने कुलूपबंद केलेल्या विंडोजमध्ये हे बदल केल्यास ४८ अंकी पुनर्प्राप्ती-कळ मागितली जाऊ शकते. ती आधीच लिहून ठेवावी लागते.
* काही पेनड्राइव्हवर छापलेली क्षमता खोटी असते. एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या साधनांनी ती पडताळता येते.
* आयएसओ फाइल जवळ असणे म्हणजे परवाना असणे नव्हे. विंडोजसाठी स्वतंत्र परवाना लागतो.