लोकांच्या मुखांतील पालुपद

मिस्सेंत पहिल्या वाचनानंतर गायक स्तोत्र गातो आणि प्रत्येक कडव्यामागें सर्व सभा एकच शास्त्रवचन उच्चारते. ह्या वचनास आपण प्रतिसाद म्हणतों. मराठी गायनपरंपरेंत त्याचें नांव पालुपद. महोत्सवाच्या उपासनेची आंखणी चालू असतां प्रश्न निघाला, कीं तेंच तें वाक्य इतक्या वेळां कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर ख्रिस्तसभेच्या इतिहासांतच शोधलें पाहिजे.

इ. स. 356 च्या फेब्रुवारींत आलेक्झांड्रिया नगरीच्या एका मंदिरांत भाविक रात्रीचा जागर करीत होते. तोंच पांच हजारांवर सैनिकांनीं मंदिरास वेढा घातला. त्यांस तेथील महागुरुस्वामी संत अथानासियस हवे होते. संत आपल्या आसनावर बसून राहिले. त्यांनीं डीकनास स्तोत्र म्हणावयास सांगितलें, आणि प्रभूची दया कधीं सरत नाहीं ह्या अर्थाचें पालुपद लोकांनीं म्हणावें व मग घरोघर जावें, अशी आज्ञा केली. सैनिक आंत घुसले. तरीही बहुतेक लोक बाहेर पडेपर्यंत संत हलले नाहींत. शेवटीं संन्याशांनीं व धर्मगुरूंनीं त्यांस ओढून नेलें. ही हकीकत त्यांनीं स्वतःच लिहून ठेविली आहे. त्या गर्दींत ग्रंथ उघडणार कोण, आणि वाचणार कोण? जें पाठ होतें तेंच कामास आलें.

तें स्तोत्र 136 वें. लॅटिन गणनेप्रमाणें 135 वें. त्याला सव्वीस कडवीं आहेत, आणि सव्वीसही वेळां तेंच पालुपद येतें. जुन्या करारांत हें वचन अन्यत्रही भेटतें. शलमोनाच्या मंदिरांत कराराचा कोश आणला गेला तेव्हां गायकांनीं तेंच गाइलें. यहोशाफाट राजानें युद्धास निघतांना सैन्यापुढें गायक ठेविले, त्यांच्याही मुखीं तेंच होतें. बाबेलच्या बंदिवासांतून परतलेल्या लोकांनीं नव्या मंदिराचा पाया घातला, तेव्हांही तेंच. एज्राच्या ग्रंथांत तो प्रसंग अवश्य वाचावा. ज्यांनीं पहिलें मंदिर पाहिलें होतें ते वृद्ध मोठ्यानें रडले, इतरांनीं जयघोष केला, आणि रडणें कोणतें व जयघोष कोणता हें ऐकणारांस ओळखतां येईना. वचन मात्र सर्वांचें एकच होतें. महोत्सवाला जमणाऱ्या आपल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांस आणि मुलांस ह्याहून जवळचें चित्र मला तरी ठाऊक नाहीं.

चौथ्या शतकांतील सभांत स्तोत्र गाणारा एक आणि उत्तर देणारे सर्व, अशी रीत चांगलीच रुजली. संत ऑगस्टीन ह्यांनीं एकदां लहानसें स्तोत्र सांगितलें असतां गोंधळलेल्या वाचकानें भलतेंच आरंभिलें. संतांनीं त्यांतही देवाची इच्छा पाहून त्याच स्तोत्रावर प्रवचन केलें. (आमच्या गायकमंडळानें हें उदाहरण वारंवार पुढें करूं नये!)

पुढें ही रीत क्षीण झाली. गायन कसलेल्या गायकवृंदाच्या हातीं गेलें, चाली अवघड झाल्या, संपूर्ण स्तोत्राच्या जागीं एकदोन ओळी उरल्या, आणि लॅटिन भाषा सामान्य जनांस कळेनाशी झाली. तथापि लोकांनीं आपला वांटा सोडला नाहीं. ज्यांस दीडशें स्तोत्रें वाचतां येत नसत, ते दीडशें वेळां ‘नमो मारिया’ म्हणत. म्हणूनच जपमाळेस मरियेची स्तोत्रसंहिता असें नांव पडलें. त्या प्रार्थनेचा पूर्वार्ध म्हणजे लूकच्या शुभवर्तमानांतील गब्रिएल दूताचे व एलिझाबेथचे शब्द होत. जपमाळेला केवळ घोकंपट्टी म्हणणारांनीं हें ध्यानांत घ्यावें.

आपल्या महाराष्ट्रास पालुपद शिकविण्याची गरज कधींच नव्हती. शाहिरामागें झीलकरी असतात. दिंडींत पुढचा अभंग धरतो आणि टाळकरी ध्रुवपद उचलतात. इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स 1579 त गोव्यास आले, आणि त्यांचें ख्रिस्तपुराण 1616 त राचोल येथें छापलें गेलें. दहा हजारांहून अधिक ओव्यांचें हें पुराण चर्चमध्यें मोठ्यानें वाचलें जाई. परंतु पुराण ऐकावयाचें असतें; भजन सर्वांनीं म्हणावयाचें. ती वाट आमच्या प्रॉटेस्टंट बंधूंनीं आधीं रुंद केली, हें मोकळेपणानें मान्य केलें पाहिजे. नाशिकांत शिकलेले आणि 1895 त बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनीं ख्रिस्ती भजन-कीर्तनास जें रूप दिलें, त्याचा लाभ आज सर्वच पंथांस होत आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें 4 डिसेंबर 1963 रोजीं उपासनेविषयींचा आदेश काढला, आणि 1969 च्या नव्या वाचनक्रमानें पालुपदासह स्तोत्र लोकांस परत दिलें. त्या वाचनक्रमांत एक सोय आहे, तिच्याकडे आमचें दुर्लक्ष होतें: उपासनेच्या एकेका ऋतूसाठीं सामाईक पालुपदें दिलेलीं आहेत. दर रविवारीं नवें वचन कागदावर वाचावयास लावण्याऐवजीं संपूर्ण आगमनकाळांत एकच गाइलें, तर चौथ्या रविवारीं अक्षरओळख नसलेली आजीही तें घरीं घेऊन जाते. स्तोत्राच्या जागीं चालीस गोड म्हणून कोणतेंही गीत घालणें मला पसंत नाहीं; तेथें शास्त्राचा शब्द हवा. आणि पुनरुक्तीचा कंटाळा म्हणाल, तर लासलगावच्या कांद्याच्या लिलावांत पुकारणारा तोच आकडा पुन्हां पुन्हां उच्चारतो, त्याला आजवर कोणी थांबविलेलें नाहीं.

महोत्सवाच्या मिस्सेंत प्रतिसाद स्तोत्र नेमून दिलेलेंच राहील. कम्युनियननंतर स्तुतिगीत म्हणून 136 वें स्तोत्र योजिलें आहे, सव्वीसही कडव्यांसह. पहिलें कडवें संथ घ्यावें, ढोलकी तिसऱ्यापासून. पालुपद गायकानें ध्वनिक्षेपकावर म्हणूं नये. त्या वेळीं सभेचाच आवाज ऐकूं यावा.